गॅरेजमध्ये विमान बांधायचंय? मग आधी फक्त एक रडर बांधा

माझ्या गॅरेजमध्ये विमान तयार झालं हे कळल्यावर लोक पहिल्यांदा विचारतात की अरे हे कायदेशीर आहे का, आणि दुसऱ्यांदा विचारतात की मला जमेल का. दोन्हीचं उत्तर हो आहे, पण मधे पाच-सहा वर्षं आणि बरेच कागद आहेत, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय. मी मिशिगनला असतो, बांधलेलं विमान म्हणजे झेनिथ कंपनीचं सीएच ७५० क्रूझर, दोन सीटचं, वरती पंख असलेलं, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. त्यामुळे पुढचं सगळं अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे आणि पत्र्याच्या विमानाच्या अनुभवातून आहे. इंग्लंडमध्ये हेच काम लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनच्या देखरेखीखाली होतं, तिकडे एसेक्समध्ये राहणाऱ्या मूळच्या केरळच्या एका इंजिनिअरने लॉकडाऊनच्या काळात चार सीटचं स्लिंग किट (किट म्हणजे कंपनीकडून सुट्या भागांत येणारं, आपण जोडायचं विमान) बांधून घरच्यांना त्यातून फिरवलं सुद्धा. आणि आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत बिल्डिंगच्या गच्चीवर सहा सीटचं विमान उभं केलं हे तुम्हाला माहीत असेलच, पण ते किट नव्हतं, स्वतःचं डिझाइन होतं. २०१६ ला ते बीकेसीच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, रजिस्ट्रेशन २०१७ ला मिळालं आणि उडवायची परवानगी २०१९ ला. त्या माणसाच्या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे, पण नवशिक्याने सुरुवात किटपासूनच करावी.

सगळ्यात आधी कागद, मग पाना

अमेरिकेत हे विमान "एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट" या प्रकारात मोडतं. अट अशी की विमानाचा मोठा भाग तुम्ही स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौस म्हणून बांधलेला पाहिजे, यालाच सगळे ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. इथे खूप जणांचा गैरसमज होतो की निम्म्याहून जास्त तास आपले पाहिजेत. तसं नाहीये, कामांची यादी असते, फासळ्या बसवणं, पत्रा रिव्हेट करणं (म्हणजे खिळ्यासारख्या पिनांनी पक्का जोडणं), कंट्रोल केबल जोडणं वगैरे, आणि त्या यादीतली निम्म्याहून जास्त कामं हौशी माणसाच्या हातची पाहिजेत. मित्राने मदत केली तर चालते, पैसे देऊन करून घेतलेलं काम मात्र तुमच्या खात्यात धरत नाहीत. एफएए ने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, तपासलेल्या किटची यादी असते, तुमचं किट त्यात आहे का ते पैसे भरायच्या आधी बघा.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. स्वतःच्या नावावर विमान रजिस्टर करायला अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असावं लागतं. एच-वन व्हिसावर असाल तर किट विकत घेता येईल, बांधता येईल, पण शेवटी स्वतःच्या नावाने एन-नंबर, म्हणजे विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर, मिळणार नाही. आणि पायलटचं ट्रेनिंग घ्यायचं असेल तर नागरिक नसलेल्या प्रत्येकाला, ग्रीन कार्ड असलं तरी, आधी टीएसए या सरकारी सुरक्षा खात्याकडून मंजुरी घ्यावी लागते, फ्लाइट स्कूलवाले यात मदत करतात. बांधायला वर्षं लागणारच आहेत त्यामुळे मधल्या काळात कार्ड येईल असा हिशोब धरून कामाला लागणारे लोक आहेत, माझं म्हणणं एवढंच की हे माहीत असून करा, नंतर कळून मनस्ताप नको.

भाड्याच्या घरात असाल तर मालकाला विचारा. सोसायटीची एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर त्यांचे नियम वाचा, काही ठिकाणी गॅरेजमध्ये वर्कशॉप चालत नाही. आणि घरच्यांशी नीट बोला. हे मी वरवर लिहीत नाहीये, पाच वर्षं गाड्या थंडीत बाहेर उभ्या राहणार आहेत आणि मिशिगनच्या जानेवारीत रोज सकाळी बर्फ खरवडायचं काम कोणाचं हे आधी ठरलेलं बरं.

कुठलं किट

ढोबळमानाने चार जाती आहेत. पत्र्याची, स्टीलच्या पाइपवर कापड ताणलेली (किटफॉक्स हे त्यातलं ओळखीचं नाव), फायबरची, आणि लाकडाची. पत्र्यामध्ये परत दोन प्रकार. ओरेगॉनच्या व्हॅन्स कंपनीची आरव्ही विमानं जगात ११,००० च्या वर उडालीयेत, त्यातल्या आरव्ही-७ किंवा चार सीटच्या आरव्ही-१० मध्ये भरीव रिव्हेट असतात, म्हणजे एकाने रिव्हेट गन धरायची आणि दुसऱ्याने मागून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दोघांचा सूर जमला की फार सुंदर काम होतं पण दुसरा माणूस लागतोच. झेनिथ आणि आरव्ही-१२ मध्ये बहुतेक ठिकाणी ओढायचे रिव्हेट असतात, पॉप रिव्हेटचा विमानातला भाऊ म्हणा, एकाच बाजूने काम होतं, एकटा माणूस करू शकतो. मुलं झोपल्यावर एकट्याने काम करणारा मी, त्यामुळे माझा निर्णय तिथेच झाला.

फोटो बघून किट निवडू नका. जुलैच्या शेवटी विस्कॉन्सिनमध्ये ऑशकॉशला ईएए या हौशी विमानवाल्यांच्या संस्थेचा मोठा मेळा भरतो, १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीजवळ मूठभर लोकांना घेऊन सुरू केलेली ही संस्था आहे, आज गावोगावी तिच्या शाखा आहेत. तिथे जा, विमानात बसून बघा, गुडघे पॅनलला लागतात का, डोकं छताला लागतं का. आणि एक उड्डाण घ्याच. कंपनीच्या तब्येतीचीही चौकशी करा. व्हॅन्ससारख्या एवढ्या मोठ्या कंपनीला सुद्धा डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज करावा लागला होता, नंतर ती त्यातून बाहेर आली, पण त्या काळात ऑर्डर देऊन बसलेल्यांच्या जिवाला घोर लागला होता. म्हणून सगळ्या किटचे पैसे एकदम अडकवू नका, भागाभागाने घ्या.

पैशांचं थोडक्यात. किटची किंमत म्हणजे विमानाची किंमत नव्हे. माझा हिशोब तीन ढिगांचा झाला, एक ढीग किट, जवळपास तेवढंच इंजिन आणि पंखा (प्रोपेलर), आणि तिसरा ढीग म्हणजे पॅनलमधली उपकरणं, वायरिंग, रेडिओ, रंग, हत्यारं, इन्शुरन्स. हँगरचं भाडं वेगळं, आणि त्याच्या वेटिंग लिस्टमध्ये नाव आजच टाका, माझ्या इथल्या एअरपोर्टवर विमान आधी तयार झालं आणि जागा नंतर मिळाली.

रडरपासून सुरुवात

आता मुद्द्याचं. पूर्ण किट मागवू नका. फक्त रडर मागवा, म्हणजे शेपटीवरचा तो उभा हलणारा भाग, जो विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवतो. झेनिथची फॅक्टरी मिसूरीतल्या मेक्सिको नावाच्या गावात आहे आणि तिथे दोन दिवसांची कार्यशाळा असते, तुम्ही जाता, स्वतःच्या हाताने रडर बांधता आणि गाडीत घालून घरी आणता. मी दिवसभर गाडी चालवून गेलो होतो आणि परत येताना मागच्या सीटवर विमानाचा एक तुकडा होता, ती भावना मी शब्दात सांगू शकत नाही. बाकीच्या कंपन्यांचंही शेपटीचं किट वेगळं मिळतं. रडरमध्ये पुढे लागणारं जवळजवळ सगळं येतं, स्पार (आतला मुख्य कणा), फासळ्या, पत्रा, ड्रिल, रिव्हेट. हे काम आवडलं नाही तर थोड्या पैशात कळतं, आणि आवडलं तर झोप उडते.

हत्यारं फार नाही लागत. चांगला एअर कॉम्प्रेसर, हवेवर चालणारा रिव्हेट पुलर, ड्रिल मशीन, ३० आणि २० नंबरचे भरपूर ड्रिल बिट, कानशी, भोकाच्या कडा साफ करायचं डीबरिंग टूल, डिजिटल लेव्हल, इंच-पाउंडचा टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळायचा), आणि क्लेको. क्लेको म्हणजे स्प्रिंगची छोटी खुंटी, रिव्हेटच्या जागी तात्पुरती बसवायची म्हणजे दोन पत्रे हलत नाहीत. १/८ इंचाचे तांबूस रंगाचे आणि ५/३२ चे काळे, हा रंग सगळीकडे सारखाच असतो. शंभर-शंभर घ्या असं सांगतील, मला कमी पडले, मेळ्यात किंवा काम संपवलेल्या माणसाकडून सेकंडहँड घ्या. आणि एक सपाट टेबल. मी ४ फूट बाय १२ फूट केलं, पाय स्क्रूवर वरखाली होणारे, आणि त्याची लेव्हल करायला दोन शनिवार गेले, ते दोन शनिवार अजिबात वाया गेले नाहीत ते पुढे सांगतो.

कामाचा क्रम दरवेळी एकच. पत्रे जुळवा, क्लेकोने पकडा, ड्रिल करा, सगळं परत उघडा, प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कड, काढा, दोन पत्रे एकमेकांना टेकतात तिथे प्रायमर मारा, परत क्लेको, मग रिव्हेट. नवीन माणसाला उघडायचा कंटाळा येतो. उघडा. दोन पत्र्यांमध्ये ड्रिलचा कीस अडकला तर रिव्हेट घट्ट बसत नाही आणि तो सांधा आयुष्यभर कुरकुरतो.

काही गोष्टी ज्या पहिल्या दिवसापासून हाताला लागल्या पाहिजेत:

पत्र्यावर शिसपेन्सिलने खूण करायची नाही, ग्रॅफाइटमुळे अ‍ॅल्युमिनियम गंजतं आणि टोकाचा ओरखडा पुढे चिरेचं मूळ होऊ शकतो, बारीक मार्कर वापरा. स्टील वूलने घासायचं नाही. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट अंतर पाहिजे, म्हणजे १/८ च्या रिव्हेटला पाव इंच. रिव्हेटचं डोकं पत्र्याला सगळीकडून टेकलं पाहिजे, खाली कागद सरकला तर तो रिव्हेट काढायचा. काढताना त्याच मापाच्या बिटने फक्त डोकं उडवायचं आणि बाकीचा खिळा पंचने मागे ढकलायचा, घाई केली की भोक मोठं होतं आणि मग एक माप मोठा रिव्हेट टाकावा लागतो.

आणि डावं-उजवं. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण विमानात अर्धे भाग दुसऱ्या अर्ध्यांचे आरशातले जुळे असतात. ड्रिल हातात घ्यायच्या आधी प्रत्येक भागावर मार्करने लिहा, डावा, वरची बाजू, पुढे कुठे. मी लिहायला लागलो ते चुकल्यानंतर.

चुकलेला भाग

माझी चूक सांगतो. फ्युजलाजच्या खालच्या लाँजेरॉनमध्ये, म्हणजे बॉडीत लांबीला जाणाऱ्या अँगलमध्ये, मी सात भोकं कडेच्या फार जवळ पाडली. रात्रीचे अकरा वाजले होते, दिवसभर ऑफिस, आणि मला तो भाग त्याच रात्री संपवायचा होता. सकाळी मोजलं तर पाव इंचाच्या जागी एक अष्टमांशपेक्षा थोडंसंच जास्त. तीन दिवस मी स्वतःला समजावत होतो की चालून जाईल, शेजारचे रिव्हेट लोड घेतील, कोणाला दिसणारही नाही. मग ईएए च्या शाखेतले टेक्निकल काउन्सिलर आले. हे स्वतः विमान बांधलेले अनुभवी लोक असतात, घरी येऊन फुकट काम बघतात, आणि ते सरकारी इन्स्पेक्टर नसतात त्यामुळे त्यांच्यापासून लपवायचं काही कारणच नाही. त्यांनी भिंगातून बघितलं आणि एवढंच विचारलं की बायकोला यात बसवणार आहेस ना. मी नवीन अँगल मागवला. खर्च साठेक डॉलर आणि तीन आठवडे. तुलनेत तीन दिवसांची घालमेल कितीतरी महाग पडली.

तेव्हापासून मी नियम केला की शंका आली तर त्या रात्री निर्णय घ्यायचा नाही, दिवा बंद करून आत जायचं. आणि चुकलेला भाग वाया गेला असं मानायचं नाही, त्याची फी भरली असं मानायचं. हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण विमान बांधणाऱ्यांना थांबवते ती अवघड कामं नाहीत, मनात चुकचुकत राहिलेला एखादा भाग थांबवतो, त्याच्याकडे बघायला नको म्हणून माणूस गॅरेजमध्येच जात नाही आणि मग महिने जातात.

वेळेचं पण तसंच. शनिवारी-रविवारी दहा-दहा तास करू म्हणणारे थकतात. रोज एक तास जा. रात्री आवाज न होणारी कामं, बर काढणं, ड्रॉइंग वाचणं, उद्याचे भाग काढून ठेवणं, आणि ड्रिल-कॉम्प्रेसर शनिवारी दुपारी, शेजाऱ्यांना सांगून.

पंख

पंखाच्या टप्प्यावर टेबलाचे ते दोन शनिवार वसूल होतात. पंखाचा सांगाडा टेबलावर असताना डिजिटल लेव्हलने मुळापाशी आणि टोकापाशी कोन मोजा, ड्रॉइंगमध्ये सांगितलंय तेवढाच फरक पाहिजे, पत्रा क्लेकोने लावल्यावर परत मोजा, रिव्हेट करायच्या आधी परत मोजा. कारण वरचा आणि खालचा पत्रा रिव्हेट झाला की तो पंख एक बंद पेटी होतो, त्यात जो पीळ राहिला तो कायमचा, मग विमान एका बाजूला झुकतं आणि तुम्ही आयुष्यभर स्टिक दुसरीकडे धरून बसता. पत्रा बंद करण्याआधी आतले फोटो काढा आणि काउन्सिलरना परत बोलवा, नंतर आत बघता येत नाही. क्रूझरचा पंखविस्तार साधारण ३० फूट आहे पण दोन्ही पंख सुटे असतात, भिंतीला लावून ठेवता येतात, जोडणी एअरपोर्टवर.

फोटोंवरून आठवलं, रोजची नोंद ठेवा. तारीख, काय केलं, किती तास, आणि फोटोत अधूनमधून तुम्ही स्वतः दिसला पाहिजेत. शेवटी तपासणीला हाच पुरावा असतो की बांधणारे तुम्हीच.

इंजिन, नटबोल्ट, पेट्रोल

नवीन माणसाने कारचं इंजिन बदलून बसवायच्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. किट कंपनी ज्या इंजिनसाठी माउंट (इंजिन धरणारी चौकट) आणि काउलिंग (इंजिनवरचं झाकण) देते तेच घ्या. मी रोटॅक्स ९१२ यूएलएस घेतलं, १०० हॉर्सपॉवर, चांगल्या ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलवर चालतं.

बोल्ट एअरक्राफ्ट ग्रेडचेच. नटाबाहेर निदान एक आटा दिसला पाहिजे, ३/१६ इंचाच्या एएन-३ बोल्टला २० ते २५ इंच-पाउंड टॉर्क, जो सांधा फिरतो तिथे नायलॉनचा लॉकनट नाही, खाचेचा नट आणि त्यातून कॉटर पिन. टॉर्क झाला की त्यावर रंगाची रेघ ओढा, रेघ नाही म्हणजे काम झालेलं नाही, मग तुम्हाला कितीही आठवत असो की केलंय.

पेट्रोलच्या बाबतीत फार काटेकोर राहा. एनटीएसबी ने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेने, घरी बांधलेल्या विमानांचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये काढला, त्यात अपघातांची दोन मुख्य कारणं होती, इंजिनची ताकद जाणं आणि हवेत विमानावरचा ताबा सुटणं. पेट्रोल पुरेसं येतंय का हे जमिनीवरच तपासता येतं. नाक चढाईच्या कोनात वर करा, टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा, कार्बोरेटरपाशी पाइप सोडून बादलीत किती वेळात किती येतं ते मोजा. टाकी पंखात आणि पेट्रोल आपोआप खाली येत असेल तर इंजिनच्या जास्तीत जास्त गरजेच्या दीडपट आलं पाहिजे. माझं इंजिन टेकऑफला तासाला २७ लिटर पितं, म्हणजे मला तासाला ४० लिटरच्या वर पाहिजे होतं. पहिल्यांदा एका टाकीतून कमी आलं, शोधलं तर पाइपला एक वळण उंच राहिलं होतं, हवा अडकत होती. हे हवेत कळलं असतं तर काय, या विचाराने मी त्या रात्री जेवलो नव्हतो. हे काम मोकळ्या हवेत, अग्निशामक शेजारी ठेवून, आणि विमान अर्थिंग करूनच करा.

वायरिंगवर वेगळा लेख होईल, इथे एवढंच की कारची वायर नको, विमानाचीच घ्या, आणि क्रिम्प करायचं चांगलं टूल घ्या.

वजन, नंबर, इन्स्पेक्शन

तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून विमान समतल करून वजन घ्यायचं, प्रत्येक वजनाला ठरलेल्या रेषेपासूनच्या अंतराने गुणायचं, बेरीज भागिले एकूण वजन, हा तुमचा गुरुत्वमध्य. तो कंपनीच्या मर्यादेत पाहिजे, दोन माणसं, सामान, पेट्रोल कमी-जास्त अशा प्रत्येक हिशोबात. घरातला बाथरूमचा काटा नको, ईएए च्या शाखेकडे बहुतेक चांगले काटे असतात.

रजिस्ट्रेशनचा अर्ज काही महिने आधी टाका. किटचं बिल ऑफ सेल, नोटरी केलेलं मालकीचं प्रतिज्ञापत्र, आणि अर्ज. आवडीचा एन-नंबर वर्षाला १० डॉलर भरून राखून ठेवता येतो. मग एफएए चा माणूस किंवा त्यांनी नेमलेला खासगी तपासनीस, म्हणजे डीएआर, येतो, डीएआर फी घेतो पण तारीख लवकर मिळते. तो तुमच्या वह्या बघेल, सगळी झाकणं उघडलेली पाहिजेत, "एक्सपेरिमेंटल" हा शब्द दोन इंची अक्षरात आणि प्रवाशासाठी इशाऱ्याची पाटी दिसली पाहिजे. सगळं ठीक असलं की एअरवर्दिनेस सर्टिफिकेट (विमान उडण्यायोग्य असल्याचा दाखला) आणि सोबत अटींचं पत्र हातात पडतं. ते पत्र शब्द न् शब्द वाचा.

पहिलं उड्डाण

बांधता बांधता पाच वर्षं निघून जातात आणि त्यात उडवायचा सराव सुटलेला असतो. म्हणजे सगळ्यात नवीन विमान आणि सगळ्यात गंजलेला पायलट एकाच दिवशी एकत्र येतात. असं होऊ देऊ नका. त्याच मॉडेलच्या विमानात इन्स्ट्रक्टरसोबत ट्रेनिंग घ्या, ईएए चे फ्लाइट अ‍ॅडव्हायजर असतात त्यांच्याशी बसून पहिल्या उड्डाणाचा प्लॅन कागदावर लिहा, इंजिन बंद पडलं तर या उंचीला कुठे उतरायचं, त्या उंचीला कुठे. माझं पहिलं उड्डाण मी नाही केलं. त्याच मॉडेलवर शेकडो तास असलेल्या एका पायलटने केलं, मी रेडिओ धरून रनवेच्या बाजूला उभा होतो, आणि वीस मिनिटांनी तो उतरला आणि म्हणाला डावा पंख किंचित जड आहे, बाकी सरळ उडतंय. माझ्या मनाला ते उड्डाण स्वतः न केल्याची खंत एक दिवस सुद्धा वाटली नाही.

त्यानंतर टेस्टिंगचा पहिला टप्पा. इंजिन आणि पंख्याची जोडी सर्टिफाइड असेल तर २५ तास, नाहीतर ४० तास, माझे ४०. ठरवून दिलेल्या भागातच उडायचं आणि हौसेने कोणाला बसवायचं नाही, सख्ख्या भावालाही नाही. हे तास नुसते घिरट्या घालून भरू नका, दरवेळी कार्ड लिहून जा, आज स्टॉलचा वेग (ज्याच्याखाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत), आज चढाईचा दर, आज पूर्ण वजनाला टेकऑफ किती फुटात. यातूनच तुमच्या विमानाचं खरं मॅन्युअल तयार होतं. शेवटी लॉगबुकात टप्पा पूर्ण झाल्याची नोंद स्वतःच्या सहीने करायची.

आणि त्याच दरम्यान एफएए च्या स्थानिक ऑफिसात रिपेअरमन सर्टिफिकेटचा अर्ज करून टाका, मुख्य बांधणाऱ्यालाच मिळतं, आणि त्याच्यावर दर १२ महिन्यांची कंडिशन इन्स्पेक्शन तुम्ही स्वतः करू शकता, मेकॅनिक शोधायला नको. अर्जासोबत त्या रोजच्या नोंदवह्या न्या. माझ्या सहा झाल्या होत्या, पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर रडर, दोन तास, आणि खाली बायकोच्या अक्षरात लिहिलंय की क्लेको काढून परत डब्यात टाकले नाहीत.